कप हलवायचा, बाय

कुंदा सिस्टर तोंडाने ‘नको’ म्हणत नसत. रागवायच्या भरपूर. डॉक्टरांना तोंडावर ‘तुमचं डोकं फिरलंय’ म्हणायच्या, लिफ्ट बंद पडली की लिफ्टलाही दोन शिव्या हासडायच्या. पण चहा पुरे झाला की रिकामा कप दोन बोटांत धरून मनगटातून हलकेच हलवायच्या. त्यांचा नकार तेवढाच. क्लिनिकमध्ये रुजू झाल्या त्या पहिल्याच दिवशी आमच्या चहावाल्या मावशी किटली घेऊन त्यांच्यापुढे उभ्या होत्या, सिस्टर कप हलवत होत्या आणि मावशी वाकून कपात बघत होत्या.

“काय पडलंय का हो यात?”

“काय पडलं न्हाय गो. पुरे झाला. तिकडं असं केलं का कोन पुढं वतत न्हाय.”

“मग सरळ नको म्हणा की.”

“नको म्हनलं का वाढनाऱ्याचं तोंड पडतं. कप हलवायचा.”

‘तिकडं’ म्हणजे ओमानमध्ये. सिस्टर मूळच्या राईच्या. भाईंदरच्या पश्चिमेला मिठागरांच्या कडेने गेलेल्या रस्त्यावरचं ते खाडीकाठचं गाव, तिथल्या आगरी घरातली ही मुलगी नर्सिंग शिकली आणि ओमानमधल्या एका डोंगराळ गावच्या इस्पितळात गेली. उमेदीची सगळी वर्षं तिथे काढून, लग्न न करता, भावाच्या शेजारी दोन खोल्या बांधून परत आली. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात राईचं ‘हाय-न्हाय’ आणि ओमानी बायकांचं अरबी अशा शेजारशेजारच्या दोन खोल्या होत्या. एकीतून दुसरीत जाताना त्या दार वाजवत नसत.

त्या जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी मी आजवर कुठे बोलले नाही, कारण त्यांची गोष्ट सांगायला बसलं की मधल्या एका वळणावर मीच उभी असते. तिथे मी काय केलं ते या लिहिण्यात येईल. आणि हे लिहिणं गोड नसेल, तेही आधीच सांगते. व्यक्तिचित्र म्हटलं की माणूस गेल्यावर त्याच्यावर पांढरी चादर घालायची असते म्हणे. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचं क्लिनिक मीरा रोडला, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. मधुमेह आणि मधुमेहाने झालेल्या पायाच्या जखमा. मी तिथे आहारतज्ज्ञ. लालबागहून इकडे राहायला आले तेव्हापासून तिथेच आहे. मधल्या काही वर्षांत आमच्याकडे ओमानहून पेशंट यायला लागले. एजंट विमानतळावरून आणायचे, जवळच्या बिल्डिंगमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवायचे, जखम भरेपर्यंत दोन-तीन महिने ते तिथेच राहायचे. डॉक्टरांना त्यांच्यासाठी अरबी येणारं माणूस हवं होतं, म्हणून सिस्टर आल्या. पेशंटना मधुमेह समजावून सांगायचं काम मात्र माझं होतं, आणि ते मी अगोदरच उरकून टाकलं होतं. माझा नेहमीचा आहाराचा तक्ता ऑफिसमधून अरबीत करून घेतला होता. गुळगुळीत कागद, वर खजुराच्या झाडाचं चित्र.

सिस्टरनी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तो भरलेल्या वेटिंग रूममध्ये. समोर उम्म सालेम बसल्या होत्या. उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. उंच, रुंद खांद्यांची, मेंदीने लाल केलेल्या नखांची बाई. उजव्या तळपायाला जखम. सिस्टरनी त्यांना माझा तक्ता खड्या आवाजात वाचून दाखवला. सकाळी एक वाटी पोहे किंवा उपमा. दुपारी दोन फुलके, एक वाटी मुगाची उसळ. उम्म सालेमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला. सिस्टर माझ्याकडे वळल्या.

“ती विचारते, पोहे हे औषध जेवनाआधी घ्यायचं का जेवल्यावर?”

सगळी वेटिंग रूम हसली. मी नाही हसले. “सिस्टर, कर्बोदकांचं प्रमाण कळावं म्हणून—”

“प्रमाण ऱ्हाव दे. ही वाटी कुनाची गो? त्यांच्याकडं वाटीच न्हाय. एका ताटात चार जणी जेवतात. त्यातली एक वाटी तू कशी मोजनार, हात धरून?”

मला अपमान वाटला. तो वाटायलाच हवा होता, पण तो चुकीच्या कारणासाठी वाटला, हे कळायला मला वेळ लागला. त्याच आठवड्यात सिस्टर मला ओढतच उम्म सालेमच्या फ्लॅटवर घेऊन गेल्या. “तुझा तक्ता जिथं जेवतो ती जागा बघ तरी,” म्हणाल्या.

जमिनीवर प्लास्टिकची चटई, तिच्यावर परातीएवढं ताट, त्यात भात आणि वर सुरमईचे तुकडे. शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन ओमानी बायकाही जेवायला आल्या होत्या. प्रत्येकीने आपल्यासमोरचा भात खायचा, मधला मासा एकमेकींच्या पुढे सारायचा. यजमानीण सारखी पुढे सारत राहणार, पाहुणी खात राहणार. ताट एक असल्यामुळे कोणी किती खाल्लं ते कोणालाच कळत नाही, आणि कळू नये हीच त्यातली माया. सिस्टरनी काकडीची चकती घेतली, मग दुसरी, आणि उम्म सालेमच्या समोरच्या भातात चकत्यांचं एक कुंपण घातलं. “हे तुजं वावर,” त्या अरबीत म्हणाल्या आणि मग मला मराठीत. “कुंपनाच्या बाहेर गुरं सोडायची न्हाईत.” उम्म सालेम कुंपणाकडे बघून म्हणाल्या, “एवढ्यात तर माझी बकरीसुद्धा राहणार नाही.” पण जेवल्या तेवढ्यातच. मासा मात्र कुंपणाबाहेरचा खाल्ला, आणि तो चालत होता.

जेवणानंतर कहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, आला. कान नसलेले अंड्याच्या कवचाएवढे कप, त्यांना ते फिंजान म्हणतात, आणि सोबत खजूर. आजवर मी प्रत्येक पेशंटला सांगत आले होते की खजुराला नाही म्हणायला शिका. तिथे बसल्यावर दिसलं की ते म्हणताच येत नाही. यजमानाचा खजूर नाकारणं म्हणजे त्याच्या घराला नाव ठेवणं. पण त्याच रिवाजात एक दार होतं, आणि ते सिस्टरना ठाऊक होतं. कप हलवला की पुढे कोणी ओतत नाही. कप थांबला की खजुराची थाळीही थांबते.

“नको म्हनायचंच न्हाय,” सिस्टर त्या बायकांना सांगत होत्या. “पयल्या कपाला एक खजूर खायचा. आवडीनं खायचा, चोरून न्हाय. मग कप हलवायचा. तुमच्या आजीनं शिकवलंय तेच करायचं, फक्त जरा लवकर.”

त्या दिवसापासून दर मंगळवारी दुपारी त्या फ्लॅटमध्ये वर्ग भरू लागला. शेजारच्या बिऱ्हाडांतल्या बायका येत. मी बसायची आणि सिस्टर रागवायच्या, आधी अरबीत, मग माझ्यासाठी मराठीत. त्यांची शिकवण्याची पद्धतच ती होती. एकदा पडद्यामागे केशरी हलव्याचा डबा सापडला. सिस्टर डबा हातात धरून एवढ्या ओरडल्या की खालच्या मजल्यावरचे गुजराती काका वर बघायला आले. उम्म सालेम जराही हलल्या नाहीत. म्हणाल्या, “कुंदा, इन्सुलिनची सुई आधी तुझ्या जिभेला टोच.” मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

सिस्टर चुकायच्या, आणि चुकल्या की कबूल करायला त्यांना महाकष्ट पडायचे. सातूची भाकरी हवी तेवढी खाल्ली तरी साखर वाढत नाही, असं त्या छातीठोक सांगत होत्या. मी म्हटलं, वाढते, गव्हापेक्षा कमी पण वाढते. त्यांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर सातूच्या एका भाकरीआधी आणि नंतर उम्म सालेमची साखर मोजली, आकडा पाहिला आणि माझ्याकडे न बघता जाहीर केलं, “ही बाय बरोबर हाय. भाकरी एकच खायची.” लगेच मला म्हणाल्या, “लय फुगू नकोस.”

आणखी एक गोष्ट त्यांनी मला शिकवली. एखाद्या पेशंटला काही सांगितलं आणि त्याने छातीवर हात ठेवून, मान किंचित झुकवून ‘इन्शाल्ला’, देवाच्या मनात असेल तर, असं म्हटलं, तर समजायचं की हा ते करणार नाही. “त्याला तुझं मन मोडायचं न्हाय म्हनून म्हनतो. ह्यो पन कप हलवल्यासारखाच हाय. असा इन्शाल्ला ऐकला का उठायचं न्हाय. बसायचं आनि विचारायचं, अडतंय कुठं?” हे मी नीट शिकले होते. लक्षात ठेवा, मी हे नीट शिकले होते.

उम्म सालेमची जखम भरत आली. त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्या रोज बोलायच्या. येताना त्यांना विमानातून खुर्चीवर बसवून उतरवलं होतं. जाताना, त्यांच्या गावाजवळच्या विमानतळावर, त्यांना जिन्याच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरायच्या होत्या. “खाली माझ्या बहिणी उभ्या असतील,” त्या म्हणायच्या. “त्यांनी मला चालत येताना बघायचं आहे. निजलेली बघून झाली आहे त्यांची.” डॉक्टर म्हणाले होते, ईदपर्यंत चालाल.

ईदच्या आधी रमजान येतो.

सिस्टरनी महिनाभर आधीच डॉक्टरांकडे विषय काढला. एक वर्ग फक्त रोज्यांवर घ्यायचा. कोणी अजिबात ठेवू नये, कोणी विचारून ठेवावा. इन्सुलिनचा पहाटेचा आणि संध्याकाळचा डोस कसा बदलायचा, ते डॉक्टरांनी प्रत्येकीला लिहून द्यायचं. बोटाला सुई टोचून साखर तपासली तर रोजा मोडतो असं यातल्या बहुतेक जणींना वाटतं. तो मोडत नाही, हे त्यांच्याच गावच्या मौलवींकडून फोनवर वदवून घ्यायचं. आणि हातपाय कापायला लागले, घाम फुटला, तर तिथल्या तिथे रोजा सोडायचा.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं. ते नीट ऐकून घ्यायचे, नावाने चौकशी करायचे, मावशींच्या मुलीच्या लग्नाला आवर्जून आले होते. ते म्हणाले, “सिस्टर, मधुमेहात रोजा ठेवू नये हे माझं मत. मी डोस लिहून दिला म्हणजे मी परवानगी दिली असं होतं. उद्या काही झालं तर?”

“त्या ठेवनारच हायत, डॉक्टर. तुम्ही न्हाय लिहिलं तरी ठेवनार.”

“तो त्यांचा प्रश्न झाला.”

“असं कसं? पाय तुमचा आनि पोट त्यांचं?”

“आपण बोर्ड लावू. अरबीत. ‘मधुमेही रुग्णांनी रोजा ठेवू नये.’ स्पष्ट. आणि रमजान संपेपर्यंत फ्लॅटवरचे वर्ग बंद.” मग ते माझ्याकडे वळले. “काय मॅडम?”

सिस्टरही माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा.” हे वाक्य मी तोंडातून काढलं. माणसाला काहीच बोलायचं नसतं तेव्हा तो असं बोलतो. सिस्टरनी पर्स उचलली, “बोर्ड लावून हात पुसले तुम्ही,” म्हणाल्या आणि रजा टाकून राईला जाऊन बसल्या. फोन उचलेनात.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात सालेम क्लिनिकमध्ये आला. आईसाठी नोकरीतून रजा काढून आलेला शांत, दाढीवाला मुलगा. त्याला हिंदी बऱ्यापैकी येत होतं. सिस्टर आहेत का, त्याने विचारलं. नव्हत्या. मग तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, अम्मी की सुई का कुछ पूछना था, टाइम बदल गया है ना खाने का. मी काय करू शकले असते? डॉक्टर आत बसले होते. दार वाजवून म्हणू शकले असते की ही बाई रोजे ठेवते आहे, डोस बघा. दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता देऊ शकले असते. मी बोर्डाकडे बोट केलं आणि म्हटलं, डॉक्टर साब बोलते हैं रोजा नहीं रखना है.

सालेमने बोर्ड वाचला. छातीवर हात ठेवला. मान किंचित झुकवली.

“इन्शाल्ला.”

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

चार दिवसांनी दुपार कलताना उम्म सालेम न्हाणीघरात कोसळल्या. पहाटे नेहमीचा पुरा डोस घेतलेला, दिवसभर पोटात काही नाही, आणि रोजा मोडेल म्हणून बोटाला सुई लावलेली नाही. साखर इतकी खाली गेली होती की सालेम हाका मारत होता ते त्यांना ऐकू येत नव्हतं. इस्पितळात नेऊन सलाइनमधून साखर दिली, त्या शुद्धीवर आल्या. जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं. तळपायाची जखम तोवर पूर्ण भरली होती. डॉक्टरांनी ती तपासून ‘उत्तम’ असा शेराही मारला होता.

उम्म सालेम खुर्चीवर बसूनच परत गेल्या. बहिणींनी काय पाहिलं ते मला माहीत आहे, कारण मी ते रोज पाहते.

एजंटने डॉक्टरांना फोन करून जाब विचारला, तेव्हा कुणाचं तरी नाव लागायला हवं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे सुजलेले. डॉक्टरांनी मला विचारलं, “मॅडम, तुम्ही वर्गांना हजर असायचात. सिस्टर तिथे रोज्यांबद्दल बोलायच्या?”

“हो,” मी म्हटलं. “बोलायच्या.”

हे खरं होतं. ‘रमजानच्या आधी एक दिवस नुसतं रोज्यांचंच बोलू’, एवढंच त्या बोलल्या होत्या. पुढचं मी सांगितलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही. खोटं बोलले असते तर निदान आपण खोटं बोललो हे तरी मला कळलं असतं. सिस्टरना कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जाताना मावशींनी त्यांच्यापुढे चहा धरला. सिस्टरनी तो उभ्या उभ्या प्यायला आणि कप हलवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या वर्षी काय झालं ते लिहिताना माझा हात अजून तापतो. ओमानहून येणारा प्रत्येक पेशंट विचारत होता, कुंदा कुठे आहे? उम्म सालेमच्या गावात सगळीकडे पसरलं होतं की मीरा रोडला कुंदा नावाची एक बाई आहे, ती ओरडते, पण तिचं ऐकलं की साखर खाली येते. मग डॉक्टरांनी उपक्रम काढला. ‘अरबी पाहुण्यांसाठी खास मधुमेह शिक्षण.’ वरच्या मजल्यावर हॉल, जमिनीवर गाद्या, भिंतीवर पडदा. पडद्यावर ताटातल्या भाताचं आणि काकडीच्या चकत्यांच्या कुंपणाचं रंगीत चित्र. कहव्याचे कप मागवले, प्रत्येकावर क्लिनिकचं बोधचिन्ह, सहा कपांचा डबा प्रत्येक पेशंटला भेट. सगळं सिस्टरचं होतं. फक्त रमजान नव्हता. तो विषय ‘संवेदनशील’ म्हणून गाळला होता. आणि उद्घाटनाला कुंदा सिस्टरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता.

“तुमचे त्यांच्याशी चांगले संबंध आहेत,” डॉक्टर मला म्हणाले. “तुम्हीच बोलावून या.”

मी कपांचा डबा घेऊन राईला गेले. सिस्टर ओट्यावर सुकट निवडत होत्या. रोड झाल्या होत्या, जिना चढताना धाप लागते म्हणाल्या, पण औषधाचं विचारलं तर “तू तुजं बघ.” मी निमंत्रण सांगितलं. त्यांनी डबा उघडला, एक कप उन्हात धरून त्यावरचं बोधचिन्ह बघितलं.

“छाप बरी मारली हाय. शाल कसली देनार? लोकरी का त्या टेरिकॉटच्या?”

“सिस्टर...”

“रोज्यांचा वर्ग हाय का त्यात?”

“नाही.”

“मग श्रीफळ डॉक्टरच्या टेबलावर ठेव. म्हनावं, त्याच्याकडं बघ आनि दोन्ही बाजूंनी विचार कर.”

ते वाक्य त्यांनी वर्षभर जपून ठेवलं होतं. आत जाऊन त्यांनी कहवा केला, त्याच छापाच्या कपांत ओतला आणि खजुराऐवजी पुढे दोन खारे दाणे ठेवले. मग मला बोलावंच लागलं. सालेमबद्दल, बोर्डाबद्दल, त्या ‘इन्शाल्ला’बद्दल, त्या ‘हो’बद्दल. एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. मी रडत होते, तेच तेच पुन्हा सांगत होते, सिस्टर मला माफ करा म्हणत होते. सिस्टर ऐकत होत्या. कप रिकामा झाला होता. मी तिसऱ्यांदा ‘माझ्यामुळे’ म्हटलं तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि मनगटातून हलवला.

मी गप्प झाले.

“मी पन गेले न्हवते,” त्या अंगणाकडे बघत म्हणाल्या. “रजा टाकून हितं ह्याच ओट्यावर बसलेली. त्या बाईचं घर ठावं, दार ठावं, जिभेवर भाषा. पन मना राग आला होता ना! डॉक्टरचा राग, तुजा राग. रुसून बसले. सालेमचे पन फोन घेतले न्हाईत. ती पडली तवा मी सुकट निवडत होते.” मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, “माफी कुनाची कुनाला देऊ? उठ, तोंड धू. यंदा रमजान कवा हाय?”

मला माफी मिळाली नाही. शिवीही मिळाली नाही, आणि शिवीची मला जास्त गरज होती. याचा मला त्यांच्यावर राग आहे. त्यांनी मला काम दिलं. “डोस लिहून देनारा डॉक्टर शोध. हाय कोनतरी, बघ. वर्ग कुनाच्या तरी घरात घे, त्या हॉलात न्हाय. मी येते. धाप लागली तर ओरडायचं काम तू कर.”

डॉक्टर सापडायला मला दोन दुपारी लागल्या. भाईंदरला एक फिजिशियन बाई आहेत. मी घाबरत घाबरत विचारलं. त्या म्हणाल्या, “मी दरवर्षीच लिहून देते. रोजा ठेवायचाच असेल तर आधी या, एवढंच सांगते. त्यात काय एवढं?” त्यात काय एवढं! खाली रस्त्यावर आले आणि दोन पावलं पुढे जाऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. जे इतकं सोपं होतं त्यासाठी एका बाईचं हाड मोडलं होतं.

सिस्टर वर्गाला आल्या नाहीत. रमजानला तीन आठवडे असताना एका दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय. भावाच्या बायकोने सांगितलं की गोळ्यांची पाकिटं उशाखाली तशीच होती. जगभरच्या बायकांवर ओरडल्या आणि स्वतःच्या गोळ्यांना त्यांनी कप हलवला. हा माझा दुसरा राग. डॉक्टरांनी हॉलमध्ये त्यांच्या फोटोला हार घातला. ती शाल फोटोला पांघरली होती. टेरिकॉटचीच होती.

मी अजून तिथेच नोकरी करते. राजीनामा देण्याएवढी धमक माझ्यात नाही, आणि डॉक्टर मी सुट्टीच्या दिवशी कुठे जाते ते विचारत नाहीत.

वर्ग झाला. उम्म सालेम राहायच्या त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. सात-आठ बायका, त्यांतल्या एकीच्या सुनेला हिंदी येत होतं, ती माझं बोलणं अरबीत सांगत होती. भाईंदरच्या डॉक्टरबाईंनी प्रत्येकीचा डोस आधीच लिहून दिला होता. बोटाला सुई लावून रोजा मोडत नाही, हे गावच्या मौलवींनी फोनच्या स्पीकरवर सांगितलं आणि एकदा नव्हे, प्रत्येकीच्या नावाने सांगितलं. मग मी सुरू झाले. हात थरथरायला लागले तर काय करायचं. घाम फुटला तर काय करायचं. रोजा सोडला तर तो नंतर भरून काढता येतो, मोडलेलं हाड भरून काढता येत नाही. एक बाई छातीवर हात ठेवून ‘इन्शाल्ला’ म्हणाली तेव्हा मी उठले नाही. तिच्या समोर सरकले आणि विचारलं, अडतंय कुठे? ती म्हणाली, नवऱ्याला कळलं तर तो म्हणेल हिला निमित्तच हवं होतं. मग त्या नवऱ्याला फोन लावला. मौलवी पुन्हा बोलले.

तरी माझं समाधान होईना. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. हात थरथरायला लागले तर. घाम फुटला तर. आवाज चढला असावा. माझा ओरडण्याचा सराव नाही, तो चिरकला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने आपला रिकामा फिंजान माझ्यासमोर धरला आणि मनगटातून हलवला. दोनदा. सगळ्या जणी फिसकन हसल्या.

मी गप्प झाले. या वेळी गप्प होण्याआधी सगळं सांगून झालं होतं.